पाहुण्याचा आवाज, घरचा आवाज

नगरच्या माळीवाडा बसस्थानकावर शेवगावच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. शेजारी दोघे जण होते. दोघांच्याही कपाळावर टोपीची खूण, एकाच्या खिशातून कांदा विकल्याची पट्टी डोकावत होती. दोन डोकी एकाच मोबाइलवर वाकलेली आणि हसून हसून खांदे हलत होते. मान लांब करून पाहिलं, तर पडद्यावर एक ओळखीचं परदेशी मांजर आणि एक उंदीर. चित्र सातासमुद्रापलीकडचं, आवाज मात्र थेट राहुरी-नेवाशाकडचा. मांजर आडत्या झालं होतं, उंदीर शेतकरी. मांजराने वजनकाट्यावर पाय ठेवला होता आणि उंदीर विचारत होता, "मपला माल, मपली गोणी, मंग काट्यावर पाय तुपला कसा?" त्यापुढे उंदराने जे काही हासडलं ते इथे छापता येणार नाही. ते ऐकून दोघांनी चित्रफीत पुन्हा पहिल्यापासून लावली.

"आवाज कुणाचा हो हा?" मी विचारलं.

"कुणाचा म्हंजी? उंदराचा!"

हे उत्तर मला शेवगावपर्यंत पुरलं. कारण मोठ्यांसाठी काढलेल्या विनोदी कार्टून मालिकांचा, त्यांत बोलणाऱ्या नटांचा आणि अधूनमधून येणाऱ्या बड्या पाहुण्यांचा सगळा मामला या एका उत्तरापाशी येऊन थांबतो. ऐकणाऱ्याला आवाज उंदराचा वाटला की काम फत्ते. तो कुणा फलाण्या नटाचा वाटला, तर उंदीर मेला आणि नट उरला. मग लाखो रुपये मोजून नामवंतांना माइकसमोर बसवतात ते कशासाठी? आणि मराठीत हा खेळ कुठवर आलाय?

या प्रकाराचं माहेर अमेरिका. 'द सिम्पसन्स' ही मालिका तिथे १९८९च्या डिसेंबरात सुरू झाली आणि अजून चालू आहे. एका आख्ख्या गावाची ही मालिका प्रामुख्याने सहा जणांच्या गळ्यावर उभी आहे. डॅन कॅस्टेलानेटा हा बाप होमरही बोलतो, आजोबाही बोलतो आणि विदूषक क्रस्टीही. हँक अझारिया दारूच्या गुत्त्याचा मालक आणि गावचा पोलीसप्रमुख असे दोन्ही. बार्ट हे दहा वर्षांचं व्रात्य कार्टं बोलते नॅन्सी कार्टराइट ही बाई. 'साउथ पार्क' १९९७ सालचं. तिथे तर ट्रे पार्कर आणि मॅट स्टोन हे दोघे मालिकेचे कर्तेच बहुतेक पुरुष पात्रांचे आवाज काढतात. म्हणजे गाव चितारलेलं असलं तरी बोलणारं घर एकच. याला मी घरचा आवाज म्हणतो.

या घरी पाहुणे फार आले. सर्वाधिक पाहुणे कलाकारांचा विक्रमच 'सिम्पसन्स'च्या नावावर आहे. पण किती आले यापेक्षा आल्यावर त्यांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९९१ साली मायकेल जॅक्सन आला तो टोपणनावाने. त्याने संवाद बोलले, पण करारांची अडचण असल्यामुळे त्याच्या पात्राची गाणी म्हटली त्याची हुबेहूब नक्कल करणाऱ्या दुसऱ्याच गायकाने. जगातला सर्वांत प्रसिद्ध गायक पाहुणा आला आणि गाण्यापुरता त्याचा डमी उभा राहिला! १९९२ साली एलिझाबेथ टेलर आली. तिच्या वाट्याला शब्द एकच: घरातली तान्ही मॅगी पहिल्यांदा बापाला हाक मारते, ती हाक. एवढ्या मोठ्या नटीला एवढंसं काम. 'साउथ पार्क'वाले त्याहून खट. त्यांनी पहिल्याच वर्षी जॉर्ज क्लूनीला बोलावलं आणि त्याला दिला कुत्रा. बोलणारा नव्हे, भुंकणारा. एरवी त्यांचा रिवाज असा की नामवंतांना बोलवायचं नाही, त्यांची नक्कल करून धुवायचं. प्रत्येक भागाच्या आधी ते पाटी दाखवतात, तिचा मथितार्थ असा की यातले नामवंतांचे आवाज नकललेले आहेत आणि तेही भिकार.

या तीन दाखल्यांतून माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. पाहुणा शोभतो तो घरच्यांनी त्याची खोड काढली तर. त्याला पाट-चौरंग मांडून आरती ओवाळली की तो भाग जाहिरातीसारखा वाटायला लागतो. 'सिम्पसन्स'मध्ये नंतरच्या काळात असे आरतीचे भाग पुष्कळ झाले. बघणाऱ्यांनी नाकं मुरडली ती उगाच नाही.

घरच्या आवाजाची किंमत मात्र मालकांना उशिरा कळली. १९९८ पर्यंत त्या सहा जणांना भागामागे सुमारे तीस हजार डॉलर मिळत. त्यांनी वाढ मागितली तेव्हा वाहिनीने दुसरे आवाज शोधायला सुरुवात केली. आवाज काय, कुणीही काढेल, असा हिशोब. तो चुकला आणि आकडा सव्वा लाख डॉलरच्या घरात गेला. दुसरा वाद आपल्याला जवळचा. मालिकेतला अपू हा भारतीय दुकानदार अझारिया हा गोरा नट बोलायचा. तिथल्या भारतीय घरांतल्या पोरांना शाळेत त्या सुरात चिडवलं जाई. २०१७ साली हरी कोंडाबोलू या विनोदवीराने त्यावर माहितीपट केला आणि २०२०च्या जानेवारीत अझारियाने तो आवाज सोडत असल्याचं सांगितलं. कुणाची बोली कुणी हसण्यावारी न्यायची, हा प्रश्न तिथे रंगाच्या पोटी आला. आपल्याकडे तो जिल्ह्याच्या आणि जातीच्या पोटी कधीपासून बसलेला आहे. त्याच्याकडे वळायचंच आहे.

आधी हे सांगितलं पाहिजे की मराठीत मोठ्यांची अशी नाव घेण्याजोगी कार्टून मालिका उभी राहिलेली नाही. पण तिला लागणारा सगळा ऐवज आपल्या घरात पडून आहे, आणि त्यातला बराच नगर जिल्ह्यात. संगमनेरचं नाव घ्या. कवी अनंत फंदी याच गावचे. तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांचा फड इथलाच. पुढे रघुवीर खेडकरांनी तो चालवला. तमाशातली बतावणी ज्याने रात्री अकरा वाजता, धुरळा आणि गॅसबत्तीच्या उजेडात ऐकलीय, त्याला 'साउथ पार्क' नवीन वाटायचं कारण नाही. सोंगाड्या सकाळच्या पेपरातली बातमी रात्री फडावर आणतो. सरपंचापासून मंत्र्यापर्यंत कुणाला सोडत नाही. द्व्यर्थी बोलतो, आणि पकडलं तर दुसरा अर्थ पुढे करून मोकळा होतो. 'साउथ पार्क'चा भाग सहा दिवसांत तयार होतो याचं जगाला केवढं कौतुक! आमचा सोंगाड्या तेच काम सहा तासांत करत आला. गवळणीतली मावशी म्हणजे लुगडं नेसलेला बाप्या. त्याचा तो चिरका, ठसक्यातला आवाज हे काही बाईची नक्कल नव्हे, ती स्वतंत्र पात्राची ओळख आहे. नॅन्सी कार्टराइट पोराचा आवाज काढते तेव्हा ती याच घराण्यातली. कांताबाईंनी उलट बाजूने वगांत पुरुष भूमिका गाजवल्या.

आणि पाहुणे? पहिल्या रांगेत बसलेला पुढारी हाच तमाशातला पाहुणा कलाकार. त्याचं नाव घेऊन सोंगाड्या एक टोला हाणतो आणि पुढारी शंभराची नोट काढून हसतो. हसला नाही तर पुढच्या निवडणुकीपर्यंत गावाच्या लक्षात राहतं.

एका गळ्यात गाव बसवण्याची कलाही आपल्याला परकी नाही. लक्ष्मण देशपांडे 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकटे बावन्न पात्रं उभी करत. पुलंनी 'बटाट्याची चाळ' एकट्याने बोलती केली. आकाशवाणीवर 'पुन्हा प्रपंच' लागायचं तेव्हा टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर आणि मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू, हे ज्याला माहीत होतं त्यालाही ऐकताना भावजी आणि वहिनीच दिसत. आमच्या घरी रेडिओ फडताळावर असे आणि आई भावजींच्या आगाऊपणावर रेडिओकडे बघून तोंड वाकडं करी. जसा काही तो माणूस फडताळातच बसलाय.

मग बाहुल्या. कार्टूनचा सख्खा भाऊ म्हणजे बोलका बाहुला. य. के. पाध्ये यांनी अर्धवटरावांना १९१६ साली जन्म दिला आणि वडिलांमागे रामदास पाध्यांनी या बाहुल्याला बोलतं ठेवलं. शंभरी ओलांडलेला हा गृहस्थ अजून तरुणपणीच्याच फाजीलपणाने बोलतो. शब्दभ्रमाचा खेळ नीट बघा. पाध्ये सभ्य माणूस, तो पाहुण्यांना नमस्कार करतो. अर्धवटराव त्याच पाहुण्याची फिरकी घेतो. माणसाला जे बोलायची चोरी, ते बाहुला बोलतो आणि माणूस वर त्यालाच दटावतो. मोठ्यांच्या कार्टूनला जे स्वातंत्र्य मिळतं त्याचं मूळ हेच आहे: बोलला तो मी नव्हे, तो लाकडाचा. किंवा शाईचा.

पाध्यांच्याच हातच्या बाहुल्याने मराठीला तिचं सर्वांत गाजलेलं 'आवाजी' पात्र दिलं. महेश कोठारेंचा 'झपाटलेला' १९९३चा. गुंड तात्या विंचू मरतो आणि बाहुल्यात शिरतो. माणूस असतानाचा तात्या दिलीप प्रभावळकरांनी केला आणि बाहुला झाल्यावरचा आवाजही त्यांचाच. आता यातली गंमत बघा. प्रभावळकर तेव्हाही मोठे नाव. पण थिएटरात पोरं किंचाळली ती प्रभावळकरांना बघून नव्हे. नगरच्या एका थिएटरात माझा मामेभाऊ खुर्चीखाली जाऊन बसला होता, त्याला प्रभावळकर कोण हे अजून नीट सांगता येत नाही. तात्या विंचूचा आवाज मात्र तो आजही लग्नात, पंगतीत, कुठेही काढून दाखवतो. नामवंत नटाने आपलं नाव पात्रात विरघळवून टाकलं, म्हणून ते पात्र तीस वर्षं टिकलं. आवाजाच्या कामात यापेक्षा मोठी पावती मला माहीत नाही.

कार्टूनच्या वाटेला मात्र मराठी माणूस फार लवकर गेला आणि फार लवकर परतला. 'प्रभात'ने १९३४ सालीच 'जंबूकाका' नावाचा कार्टूनपट केला होता. त्यानंतर तुरळक प्रयत्न झाले, परंपरा झाली नाही. 'चिंटू' १९९१ पासून रोज लाखो घरांत वाचला गेला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांच्या रेषेतला तो पोरगा २०१२ साली मोठ्या पडद्यावर बोलला, तेव्हा त्याला खरा हाडामासाचा मुलगा मिळाला. रेषा घरीच राहिली. पुण्याच्या क्रेऑन पिक्चर्सने 'दिल्ली सफारी' हा चांगला लांबलचक अॅनिमेशनपट केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण तो बोलला हिंदीत, गोविंदा, अक्षय खन्ना, ऊर्मिला मातोंडकर यांच्या आवाजांत. गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोज' २०१९ साली व्हेनिसला गेला. तो मोठ्यांचाच आहे, सुंदर आहे, विनोदी नव्हे.

मधल्या काळात आमच्या गल्लीतल्या पोरांची जीभ हिंदी झाली. यात शिनचॅनचा वाटा मोठा. ही जपानी मालिका ज्या चित्रकथेवरून निघाली, ती मूळ छापून आली मोठ्यांच्या साप्ताहिकात. आपल्याकडे ती २००६ साली लहान मुलांच्या वाहिनीवर आली, आईबापांनी ओरड केल्यावर २००८ साली सरकारने बंद पाडली आणि कात्री लागून परत आली. मोठ्यांचा विनोद पोरांच्या ताटात वाढला गेला आणि तोही हिंदीत. नगरच्या सावेडीतला पाच वर्षांचा मुलगा आजीला 'क्या हुआ, माँ?' विचारतो, हे मी कानांनी ऐकलंय. आजीने त्याला चमचाभर तूप जास्त वाढून बदला घेतला.

या हिंदी आवाजांमागे मराठी माणसं किती आहेत, हे फारसं कुणी मोजत नाही. 'निन्जा हातोरी'चा हिंदी आवाज मेघना एरंडे यांचा, 'नॉडी'ही त्यांचाच. ज्या पिढीने त्यांना रोज संध्याकाळी ऐकलं, ती त्यांना रस्त्यात ओळखणार नाही. 'बाहुबली'च्या हिंदी अवतारात प्रभासच्या तोंडून बोलले शरद केळकर. त्यांनी स्वतःच सांगितलंय की लहानपणी ते अडखळत बोलत. 'पुष्पा'चा २०२१चा हिंदी आवाज श्रेयस तळपदेंचा, आणि हा आवाज एवढा चढला की मूळ नटाचा आवाज ऐकून हिंदी प्रेक्षकालाच तो परका वाटू लागला. त्याच तळपदेंनी २०१९च्या 'द लायन किंग'मध्ये टिमॉन हा टवाळ प्राणी बोलून दाखवला. तिथे त्यांनी मुंबईची टपोरी भाषा घातली आणि शेजारी संजय मिश्रांचा पुम्बा. चित्रपटात शाहरुख खानसारखा पाहुणा होता, पोस्टरवर त्याचंच नाव होतं. लोक हसले ते या दोघांना.

नाना पाटेकरांची गोष्ट वेगळी. दूरदर्शनवर 'जंगल बुक' लागायचं तेव्हा शेरखान नानांच्या आवाजात गुरगुरायचा. २०१६ साली हॉलीवूडचा नवा 'जंगल बुक' हिंदीत आला तेव्हा शेरखान पुन्हा नानाच. बालू इरफान, बघीरा ओम पुरी, अजगर 'का' प्रियांका चोप्रा; पण ज्याला जुना जमाना आठवत होता त्याला तो वाघ घरी परत आल्यासारखं वाटलं. इथे पाहुणाच घरचा झाला होता. नानांचा आवाज मुळातच असा की वाक्य संपलं तरी धमकी उरते. तो वाघाला बसला यात नवल नाही. तो सशाला दिला असता तर आपण नानांना ऐकलं असतं, सशाला नाही.

'ऑगी अँड द कॉक्रोचेस' या फ्रेंच मालिकेचं तर विचारूच नका. मुळात तिच्यात संवाद नाहीत. हिंदीत आणताना त्यात शब्द ओतले आणि ऑगीला शाहरुखची, जॅकला सनी देओलची ढब दिली. नामवंतांना छदाम न देता नामवंत हजर! आपल्याकडचा खरा सेलिब्रिटी पाहुणा हा असा नकलेतून येतो. गॅदरिंगमध्ये निळू फुल्यांचा आवाज काढणारा एक तरी पोरगा नसेल असं मराठी कॉलेज दाखवा.

मग मराठीतच डबिंग करायचं ठरलं तेव्हा काय झालं? दोन प्रसंग बोलके आहेत. 'ठाकरे' हा चित्रपट २०१९च्या जानेवारीत आला. नवाजुद्दीन सिद्दिकी बाळासाहेब झाले होते आणि मराठी आवृत्तीसाठी त्यांना दुसऱ्याचा आवाज हवा होता. मराठी झलक आली आणि लोकांनी गिल्ला केला: चेहरा ठीक, पण हा आवाज साहेबांचा नाही. नट चांगला होता, आवाज चांगला होता, पण महाराष्ट्राच्या कानात शिवाजी पार्कवरच्या भाषणांचा जो ठसा होता त्याच्याशी तो जुळेना. शेवटी चेतन सशितल यांना बोलावलं. सशितल हे आवाजाचे मुरलेले कारागीर, आणि 'बाळकडू' या चित्रपटासाठी हाच आवाज त्यांनी आधी दिलेला होता. गर्दी खेचायला नाव लागतं, पण लोकांच्या कानाशी गाठ पडली की कारागिरालाच बोलवावं लागतं.

दुसरा प्रसंग 'बाहुबली'च्या मराठीकरणाचा. २०२१ साली तो मराठी वाहिनीवर आला. प्रवीण तरडे यांनी त्याची सूत्रं घेतली आणि बाहुबलीला आवाज दिला डॉ. अमोल कोल्हे यांनी. हा पाहुणा हिशोबाने निवडलेला होता. छोट्या पडद्यावर शिवाजी आणि संभाजी केलेला आवाज. राजा म्हटला की मराठी घराला तोच ऐकू येतो. मला ते पाहताना अडचण एवढीच झाली की माहिष्मतीच्या दरबारात बसून मी रायगड ऐकत होतो. कुणाला त्यात अभिमान वाटला, मला थोडं हसू आलं.

डबिंगची खोली एकदा बघितली की यातला बराच घोळ उलगडतो. काचेपलीकडे दोघे, अलीकडे एक. कानात मूळ भाषेतला आवाज, समोर पडद्यावर दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा, त्याला लूप म्हणतात. तो फिरत राहतो आणि नट त्यात आपलं वाक्य बसवत राहतो. प, फ, ब, भ, म ही ओठ मिटणारी अक्षरं. चित्रात ओठ मिटले तिथे यांतलं एखादं यायला हवं, नाहीतर बघणाऱ्याला खटकतं, का ते सांगता आलं नाही तरी. इंग्रजी नकार एका अक्षराचा आणि तो म्हणताना ओठांचा चंबू होतो. मराठीत तिथे 'नाही' टाकलं तर तोंड आडवं फाकतं, चित्राशी भांडण. म्हणून अनुभवी माणूस तिथे 'नको' घालतो: शेवटी ओठ गोल झाले, चित्र खूश. पण मग पुढचं वाक्य 'नको'ला धरून वळवावं लागतं. असल्या शंभर तडजोडींतून जो आवाज 'उंदराचा' वाटतो, त्याचं नाव श्रेयनामावलीत असलंच तर शेवटी, तेही वाहिनीने मधेच जाहिरात लावली नाही तर.

मूळ कार्टून बनतं तेव्हा क्रम बहुधा उलटा असतो. आधी आवाज, मग चित्र. नट खोकला तर चित्रकार खोकला काढतो. नट वाक्यात अडला तर पात्र अडतं, आणि पुष्कळदा तोच विनोद होतो. डबिंगवाला दुसऱ्याच्या जबड्यात बोलतो, मूळ नट स्वतःच्या. म्हणून नुसतं डबिंग करून मराठीचा विनोद मोकळा होणार नाही. तो कायम 'नको' आणि 'नाही'च्या मधे अडकलेला राहील.

अंग एकाचं आणि आवाज दुसऱ्याचा, यावरून नगरकराला मेहेरबाबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. शहरापासून जवळच अरणगावच्या मेहेराबादला त्यांनी १० जुलै १९२५ला मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत. ते अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवत, पुढे नुसत्या खुणा करत, आणि शेजारचा माणूस ते मोठ्याने बोलून दाखवी. १९३२ साली ते हॉलीवूडला गेले तेव्हा मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या काळच्या सर्वांत मोठ्या ताऱ्यांच्या घरी त्यांचं स्वागत झालं. मूकपटांनी मोठी केलेली ती माणसं, आणि समोर बसलेला मौनी पाहुणा नगरचा. बोलत होता तिसराच.

आता या सगळ्यात यंत्राने पाय घातलाय. कुणाचाही आवाज पाच मिनिटांच्या नमुन्यावरून तयार करता येतो. अरिजित सिंग यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली तेव्हा २०२४ साली न्यायालयाने त्यांच्या आवाजाची अशी यांत्रिक नक्कल रोखली. २०२५ साली आशा भोसले यांनाही त्याच न्यायालयाकडून संरक्षण मिळालं. योग्यच झालं. पण माझी काळजी निराळी आहे. नामवंताचा आवाज चोरला तर आख्ख्या राज्याला कळतं, कारण तो ओळखीचा आहे. 'उंदराचा' आवाज चोरला तर? ज्याची कमाई हीच की त्याला कुणी ओळखू नये, तो कोर्टात काय दाखवणार? आणि सोंगाड्याची, ऑगीची, गॅदरिंगमधल्या निळू फुल्यांची नक्कल यांना हा कायदा कुठे ठेवणार? माणसाने गळ्यातून काढलेली नक्कल आणि यंत्राने काढलेली प्रत यांत फरक करायला हवा, असं माझं मत. नक्कल करणारा आपली भर घालतो आणि सापडला तर मार खायला हजर असतो.

मराठी टीव्हीवर मोठ्यांच्या विनोदात पाहुणे येतात ते सदेह. 'चला हवा येऊ द्या'ने ते दुकान जोरात चालवलं. सिनेमा लागणार असला की नटमंडळी सोफ्यावर येऊन बसायची आणि भाऊ कदम, कुशल बद्रिके समोर धिंगाणा घालायचे. तिथेही तोच नियम दिसला. पाहुणा नुसता टाळ्या देत बसला तर भाग पडायचा. त्याची खेचली आणि त्याने खेचू दिली, तर भाग चढायचा.

राहिला बोलीचा प्रश्न. क्षेत्रफळात राज्यातला सर्वांत मोठा असा हा जिल्हा. आता नाव अहिल्यानगर झालं तरी कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. चौदा तालुके आणि एका तालुक्याचा सूर दुसऱ्याला नाही. अकोल्याच्या डोंगरातलं बोलणं वेगळं, कोपरगावला नाशिकची हवा, जामखेडला बीडची. 'कव्हा', 'जव्हा', 'मपलं-तुपलं' ऐकून पुण्याचा माणूस हसतो, आणि डबिंगवाल्यांनी ते हसू बरोबर हेरलंय. म्हणून परदेशी कार्टून मराठीत आलं की नायक सदाशिव पेठेतला आणि नोकर, चोर, बैल आमच्याकडचे. अपूचं दुकान ते हेच. आमच्या सदाशिव अमरापूरकरांनी या सुराचं काय करता येतं ते दाखवलं होतं. माणूस नगरचा, मूळ शेवगाव तालुक्यातलं अमरापूर. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी ते ज्या थंडपणे बोलले, त्यात ओरडणं नव्हतं, बाजार समितीतल्या बड्या माणसाचा सबुरीचा सूर होता. 'सडक'मधल्या महाराणीसाठी त्यांनी आवाजच नव्हे, श्वास बदलला. असा गळा कार्टूनवाल्यांना मिळाला नाही, हे त्यांचं नुकसान.

कॅमेऱ्याच्या बाजूने ही कोंडी फुटली आहे. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्‌स कॉलेजात शिकत असताना 'पिस्तुल्या' झाला. भाऊराव कऱ्हाडेंचा 'ख्वाडा' इथल्याच मातीतला, आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत जी दाद मिळाली तीत जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार होता. मेंढरं, वारा आणि माणसं जशी बोलतात तशी. हिंदीत 'मेक जोक ऑफ' या यूट्यूब वाहिनीने कानपुरी बोलीत कार्टून करून अशीच दाद मिळवली. तिथे कुणी नामवंत पाहुणा नव्हता, बोली हीच नामवंत होती.

बसस्थानकावरच्या उंदराचा माग काढत मी सावेडीतल्या एका खोलीत पोहोचलो. तीन पोरं, एक लॅपटॉप, भिंतींना चहूबाजूंनी गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद, घामाच्या धारा. एक पोरगा महाकरंडक स्पर्धेतल्या एकांकिकेत काम करून आलेला. आता दुसऱ्यांच्या मांजरावर बोलायचं नाही, स्वतःचं चित्र काढायचं, असं त्यांचं चाललं होतं. पहिल्या भागात एक सासू होती आणि तिचा आवाज कुणाला जमेना. मग एकाची खरीखुरी आजी आणून माइकसमोर बसवली. हातात कागद दिला. तिने चष्मा लावून वाक्य वाचलं: सूनबाई, मला जरा चहा मिळेल का?

आजीने कागद खाली ठेवला. "असं कोण बोलतं? मला च्या पायजेल असला तर मी बोलत न्हाई. नुसती भांडी वाजविते."

पोरांनी स्वयंपाकघरातून दोन पातेली आणि एक झाकण आणलं, आणि माइक खाली वळवला.